दिव्यांग विद्यार्थी आणि शाळेची शिस्तभंग सुनावणी : अमेरिकेतील कायदा आणि आपल्याकडील स्थिती

एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतील एका सरकारी शाळेत स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम असलेला दहा वर्षांचा मुलगा शिकतो. मोठा आवाज त्याला सहन होत नाही. त्याच्या शिक्षण योजनेत लिहिलेले आहे की आगीच्या सरावाची घंटा वाजण्याआधी त्याला सांगावे आणि कानांवर लावायला हेडफोन द्यावेत. त्या दिवशी कोणी सांगितले नाही. घंटा वाजली, मुलगा घाबरला, शिक्षिकेने त्याचा हात धरला, त्याने तो झटकला आणि शिक्षिकेला लागले. शाळेच्या कागदावर नोंद झाली : 'शिक्षिकेवर हात उगारला.'

आता या मुलाला शिक्षा करायची का? अमेरिकेतील कायदा सांगतो की त्याला दीर्घकाळ शाळेबाहेर ठेवण्यापूर्वी आधी एक प्रश्न विचारावा लागेल : हे वर्तन खोडसाळपणाचे होते, की त्याच्या दिव्यांगत्वामुळे घडले? हा प्रश्न विचारण्याची ठरलेली पद्धत आहे आणि तो विचारला जातो त्या टेबलाशी पालकांना बसण्याचा हक्क आहे. ही पद्धत कशी चालते आणि आपल्याकडे तिच्या जागी काय आहे, हे या लेखात पाहू.

हा हक्क आला कुठून?

१९७० च्या सुमारास अमेरिकेत दिव्यांग मुलांना शाळेत न घेणे किंवा घेतल्यावर काढून टाकणे ही रोजची गोष्ट होती. राजधानी वॉशिंग्टनमधील सात मुलांच्या वतीने 'मिल्स विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' हा खटला दाखल झाला. ही सातही मुले कृष्णवर्णीय होती. त्यातील एकाला चौथीत असताना 'वर्तनाची समस्या' असा शिक्का मारून शाळेबाहेर केले होते. शहरातील सुमारे २२,००० विशेष गरजा असलेल्या मुलांपैकी १८,००० पर्यंत मुलांना योग्य शिक्षण मिळत नव्हते, असा अंदाज न्यायालयासमोर आला. पैसा नाही, असे शिक्षण मंडळ म्हणाले. १ ऑगस्ट १९७२ रोजी न्यायाधीश जोसेफ वॅडी यांनी निकाल दिला : पैसा कमी असेल तर त्याची झळ सर्वांना सारखी बसली पाहिजे, ती एकट्या दिव्यांग मुलांवर टाकता येणार नाही. शिस्तीच्या नावाखाली दोन दिवसांपेक्षा जास्त निलंबन करायचे असेल तर आधी सुनावणी द्या, असाही आदेश त्यांनी दिला.

२९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सर्व दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. १९९० मध्ये त्याचे नाव बदलले आणि आज तो 'आयडिया' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. १९८८ मध्ये 'होनिग विरुद्ध डो' या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूल धोकादायक आहे असे शाळेला वाटले, तरी वाद चालू असताना शाळा एकतर्फी निर्णयाने त्याला अनिश्चित काळ बाहेर ठेवू शकत नाही. शिस्तभंगाचे तपशीलवार नियम १९९७ च्या दुरुस्तीने कायद्यात आले आणि २००४ मध्ये ते बदलून आजच्या रूपात आले.

दहा दिवसांची रेषा

शाळा इतर मुलांप्रमाणे दिव्यांग मुलालाही सलग १० शालेय दिवसांपर्यंत निलंबित करू शकते. निलंबन त्यापुढे गेले, किंवा वर्षभरातील छोटी छोटी निलंबने मिळून १० दिवसांपेक्षा जास्त झाली आणि त्यांत एक ठरावीक साचा दिसला, तर कायद्याच्या दृष्टीने मुलाचे शिक्षणाचे ठिकाण बदलले असे धरले जाते. इथून पुढे विशेष संरक्षण सुरू होते.

'आज त्याला लवकर घरी घेऊन जा' असे फोन शाळेतून वारंवार येतात आणि त्यांची निलंबन म्हणून नोंद होत नाही. अशा अनौपचारिक पाठवणीही या १० दिवसांत मोजल्या जाऊ शकतात, असे अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. म्हणून प्रत्येक फोनची तारीख आणि वेळ पालकांनी वहीत लिहून ठेवावी.

बैठकीतील दोन प्रश्न

ठिकाण बदलण्याचा निर्णय झाला की त्याच दिवशी पालकांना तसे कळवावे लागते आणि त्यांच्या हक्कांची माहिती द्यावी लागते. त्यानंतर १० शालेय दिवसांच्या आत एक बैठक घ्यावी लागते. तिला 'मॅनिफेस्टेशन डिटर्मिनेशन' म्हणतात. वर्तन हे दिव्यांगत्वाचा परिणाम आहे का, याचा निर्णय असा त्याचा अर्थ. शाळेचे प्रतिनिधी, पालक आणि मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना म्हणजे आयईपी करणाऱ्या गटातील संबंधित सदस्य बसतात. मुलाची फाइल, योजना, शिक्षकांची निरीक्षणे आणि पालकांनी दिलेली माहिती तपासून दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात :

१. हे वर्तन दिव्यांगत्वामुळे घडले का, किंवा दिव्यांगत्वाशी त्याचा थेट आणि ठोस संबंध आहे का?

२. शाळेने शिक्षण योजना अमलात आणली नाही, याचा हा थेट परिणाम आहे का?

यांतील एकाचेही उत्तर 'हो' आले तरी पुरेसे आहे. वरच्या उदाहरणात दुसरा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मुलाने हात झटकला हे खरे, पण हेडफोन द्यायचे आणि आधी सांगायचे हे काम कोणाचे होते? ही बैठक मुलाच्या वर्तनासोबत शाळेचीही तपासणी करते.

उत्तरानंतर काय होते?

उत्तर 'हो' असेल तर मुलाला त्याच्या पूर्वीच्या वर्गात परत घ्यावे लागते. पालक आणि शाळा यांनी मिळून वेगळे ठरवले तरच बदल होतो. वर्तन कशामुळे घडते याचा अभ्यास करून मदतीची योजना बनवावी लागते. ती आधीच असेल तर तपासून सुधारावी लागते.

उत्तर 'नाही' असेल तर इतर मुलांना होते तीच शिक्षा या मुलालाही होऊ शकते. मात्र त्याचे शिक्षण बंद करता येत नाही. दुसऱ्या ठिकाणी का होईना, ते चालू ठेवावेच लागते.

एक अपवाद आहे. शाळेत शस्त्र आणणे, अमली पदार्थ बाळगणे किंवा विकणे, आणि कोणाला गंभीर शारीरिक इजा करणे या तीन बाबतींत उत्तर काहीही आले तरी शाळा मुलाला ४५ शालेय दिवसांपर्यंत दुसऱ्या ठिकाणी शिकवू शकते. 'गंभीर इजा' याची कायद्यातील व्याख्या कडक आहे. ढकलाढकली, ओरखडा किंवा साधी सूज तीत बसत नाही.

प्रत्यक्ष सुनावणी

बैठकीचा निर्णय पटला नाही तर पालक सुनावणी मागू शकतात. ती निष्पक्ष सुनावणी अधिकाऱ्यासमोर होते. अधिकारी त्या शाळेच्या नोकरीतला चालत नाही. शिस्तभंगाच्या प्रकरणात ती जलद घ्यावी लागते : तक्रार दाखल झाल्यापासून २० शालेय दिवसांत सुनावणी आणि त्यानंतर १० शालेय दिवसांत निकाल. पालक वकील आणू शकतात, साक्षीदार तपासू शकतात, कागदपत्रे मांडू शकतात. अधिकारी मुलाला पूर्वीच्या वर्गात परत पाठवण्याचा आदेश देऊ शकतो.

ज्या मुलाचे दिव्यांगत्व अजून अधिकृतपणे ठरलेले नाही, त्यालाही हे संरक्षण मिळू शकते. घटनेपूर्वी पालकांनी शाळेला लेखी चिंता कळवलेली असावी किंवा तपासणीची मागणी केलेली असावी. चिंता नुसती तोंडी सांगणे इथे पुरत नाही.

नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंग्रजी नीट समजत नसेल तर आयईपीच्या बैठकीत दुभाषा मिळणे आणि हक्कांची माहिती आपल्या भाषेत मागणे, दोन्ही कायद्यात आहे. 'समजले' म्हणून सही करण्याची घाई करू नये.

कायदा असूनही

या कायद्याने सगळे सुरळीत झाले असे नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१८ च्या अहवालानुसार, २०१३-१४ या वर्षी सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुले १५.५ टक्के होती, पण शाळेतून निलंबित झालेल्यांत सुमारे ३९ टक्के होती. दिव्यांग मुले सुमारे १२ टक्के होती, पण निलंबित झालेल्यांत त्यांचे प्रमाण जवळपास २५ टक्के होते. ज्यांच्यावर आधीच शिक्का आहे, त्यांच्या वर्तनाकडे संशयाने पाहिले जाते. हे आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात काय?

आपल्याकडे अशी बैठक बंधनकारक करणारी तरतूद नाही. इथे बहुधा निलंबनाचा कागदही निघत नाही. पालकांना बोलावून सांगितले जाते, 'तुमच्या मुलाला दुसरीकडे बघा, दाखला घेऊन जा.' पालक अर्ज लिहून देतात, आणि मुलाने स्वेच्छेने शाळा सोडली अशी नोंद होते.

तरीही हातात कायदे आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १६ सांगते की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, काढून टाकण्याची मिळालेली नाही. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी आहे. मात्र २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार सरकारी अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात. अशी सोय नाकारणे हाही या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे भेदभावच आहे. कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आहेत. अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे डॉक्टरांच्या अहवालात मुलाला असलेली प्रत्येक अडचण नोंदवून घेणे महत्त्वाचे आहे.

शाळेने बोलावले तर पालकांनी पाच गोष्टी कराव्यात :

१. दाखल्यासाठी अर्ज लिहून देऊ नये.

२. तक्रार काय आहे, घटना कोणत्या दिवशी आणि कशी घडली, हे लेखी मागावे.

३. मुलाचे प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचा अहवाल शाळेला देऊन पोच घ्यावी. ही पोच घटनेच्या आधीची असेल तर उत्तम.

४. लेखी विचारावे : हे वर्तन मुलाच्या दिव्यांगत्वाशी संबंधित आहे का, आणि शाळेने आजवर कोणत्या सोयी दिल्या?

५. उत्तर मिळाले नाही तर स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. दिव्यांग हक्कांच्या भंगाबद्दल राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

चौथा मुद्दा म्हणजे अमेरिकेतील बैठकीचेच दोन प्रश्न आहेत. ते शाळेला विचारायला आपल्याकडे कोणताही कायदा मनाई करत नाही. ते कागदावर विचारले गेले की, मूल बाहेर काढण्यापूर्वी आपण काय केले याचे उत्तर शाळेला शोधावे लागते.