मिरासदार कीं उपरी?

इतिहास म्हटला कीं राज्यांचे उदयास्त, लढाया व तहनामे हींच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु मनुष्याच्या नित्याच्या उपकरणांसही इतिहास असतो, आणि सत्ता व हक्क यांचा प्रश्न त्या इतिहासांतही तितक्याच निकडीनें उपस्थित होतो. गेल्या चाळीस वर्षांत असाच एक तंटा संगणकाच्या पडद्यावर लढला गेला. लेखणीइतकेंच नित्याचें झालेलें हें यंत्र कोणाच्या मर्जीनें चालावें, हा त्याचा विषय असल्यामुळें वाचकांनीं त्याकडे केवळ यंत्रज्ञांचा कलह म्हणून पाहूं नये, असें आम्हांस वाटतें.

पेशवाईंत देशावरील गांवांमध्यें जमीन कसणारांचे दोन वर्ग असत. मिरासदार हा आपल्या जमिनीचा वंशपरंपरागत धनी. तो सारा भरीत असेपर्यंत त्यास सहसा कोणी उठवूं शकत नसे. उपरी हा कौलाच्या मुदतीपुरता कसणारा. जमीन तीच, नांगर तोच, पीकही तेंच. परंतु उद्यां तेथें आपण असूं कीं नाहीं, हें उपऱ्याच्या हातीं नसे. संगणक वापरणारा मनुष्य या दोहोंपैकीं कोण, हाच आमच्या लेखाचा प्रश्न होय.

संगणकाचे सर्व व्यवहार ज्या पायाभूत आज्ञावलीवर चालतात, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मनुष्यास वाचतां येईल अशा भाषेंत ती प्रथम लिहिली जाते. त्या लेखनास सोर्स कोड हें नांव आहे. विकणारी कंपनी बहुधा हा सोर्स कोड आपल्यापाशीं ठेवते आणि केवळ यंत्रास उमजेल असें त्याचें रूपांतर गिऱ्हाइकाच्या हातीं देते. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेंत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांना ही रीत एका छपाईयंत्राच्या निमित्तानें जाचली. कागद अडकला म्हणजे वापरणारांस तशी सूचना जावी, एवढीच सुधारणा त्यांना करावयाची होती. परंतु सोर्स कोड मिळाला नाहीं आणि सुधारणा राहून गेली. १९८३ च्या सप्टेंबरांत त्यांनीं जीएनयू नांवाची संपूर्ण मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम रचण्याचा संकल्प जाहीर केला व १९८९ त तिच्यासाठीं एक सार्वजनिक परवाना सिद्ध केला. आमच्या मतें हा परवाना हीच त्यांची सर्वांत मोठी कामगिरी होय. आज्ञावली हव्या त्या कामास वापरावी, उघडून पाहावी, बदलावी व इतरांस वाटावी, असे चार हक्क तो देतो. आणि बदललेली आज्ञावली जो वाटील त्यानें आपल्याला मिळालेले हक्क पुढच्यासही द्यावे, एवढीच अट घालतो. इंग्रजींत ‘फुकट’ व ‘मुक्त’ या दोहोंस एकच शब्द असल्यानें या चळवळीविषयीं पुष्कळ गैरसमज झाले. मराठींत हे दोन शब्द निराळे आहेत. आपण तरी तो घोटाळा करूं नये.

सनद झाली, पण नव्या प्रणालीचा गाभा अपुरा होता. हेलसिंकी विद्यापीठांतील एकवीस वर्षांचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ च्या ऑगस्टांत आपण रचीत असलेल्या गाभ्याची वार्ता दिली, आणि १९९२ त लिनक्स या नांवाचा तो गाभा जीएनयूच्या परवान्याखालीं आणला. तरीही सामान्य मनुष्यास त्यांत राहण्यासारखें घर नव्हतें. खिडक्या, पट्ट्या व चित्रें यांनीं सजलेला जो डेस्कटॉप, तो बांधण्याचें काम जर्मनींत मत्तियास एट्रिख यांनीं १९९६ त आरंभिलें. तो केडीई होय. परंतु त्याचें बांधकाम नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीच्या क्यूटी नांवाच्या साहित्यावर होतें, व त्याचा परवाना पूर्ण मुक्त नव्हता. घर आपलें आणि विटा दुसऱ्याच्या, हें पुष्कळांस रुचलें नाहीं. मेक्सिकोचे मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना यांनीं १९९७ त ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपाचा पाया घातला. अखेर २००० सालीं ट्रोलटेकनें क्यूटी जीएनयूच्या परवान्याखालीं दिली. तंटा मिटला, घरें मात्र दोन झालीं.

२००४ च्या आक्टोबरांत दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकारानें उबंटू ही प्रणाली निघाली. मागणी करणारास तिच्या तबकड्या टपालानें विनामूल्य येत. आम्हीं स्वतः त्याच मार्गानें या जगांत प्रवेश केला. पट्टी वर ठेवावी कीं खालीं, अक्षर केवढें असावें, देवनागरी कळपाट कोणत्या बोटाच्या इशाऱ्यानें यावा, हें सारें आपल्या सोयीनें ठरवितांना आम्हांस जो आनंद झाला, तो भाड्याच्या खोलींत कधीं न ठोकलेला खिळा स्वतःच्या घरीं ठोकतांना होणाऱ्या आनंदासारखा होता. तथापि हा केवळ हौसेचा भाग आहे, असेंच आम्ही बराच काळ समजत होतों.

त्या समजुतीची परीक्षा २०११ त झाली. त्या वर्षींच्या एप्रिलांत ग्नोमची तिसरी आवृत्ति आली. उघड्या खिडक्यांची खालची यादी गेली. खिडकी लहान-मोठी करण्याचीं बटणें गेलीं. संगणक बंद करण्याची आज्ञाही एक कळ दाबून धरल्यावांचून दिसेनाशी झाली. रचनाकारांची बाजू अगदींच लंगडी नव्हती. पडद्यावरचा पसारा कमी व्हावा व कामांत लक्ष राहावें, हा त्यांचा हेतु होता; शिवाय जितके पर्याय अधिक, तितकी देखभाल अवघड. पण वापरणारांपैकीं पुष्कळांस आपलें घर आपणांस न विचारतां पाडल्यासारखें वाटलें. खुद्द टोरवाल्ड्स यांनीं जाहीरपणें नापसंती दर्शवून एक्सएफसीई या तिसऱ्या डेस्कटॉपाचा आश्रय घेतला. मग अर्जेंटिनांतील एका सामान्य वापरणारानें जुन्या ग्नोमचा सोर्स कोड घेऊन तोच पुढें चालविण्याचा उपक्रम मांडला व त्यास तिकडील लोकप्रिय पेयाचें माते हें नांव दिलें. जुनें व नवें एकाच यंत्रावर सुखानें नांदावें म्हणून त्यांतील भागांचीं नांवेंही पालटलीं. ‘नॉटिलस’ चा ‘काहा’ झाला. त्याच वर्षीं लिनक्स मिंटच्या मंडळींनीं नव्या पायावर जुन्या वळणाचा सिनॅमन उभारला. कोणाची परवानगी मागावी लागली नाहीं, कीं कोणापुढें अर्ज करावा लागला नाहीं.

याच सुमारास पलीकडे काय घडलें तें पाहा. २०१२ च्या आक्टोबरांत मायक्रोसॉफ्टनें विंडोज ८ मधून ‘स्टार्ट’ चें परिचित बटण काढून टाकलें. ओरड तेथेंही झाली. वर्षभरानें बटण परत आलें आणि जुन्या धर्तीची यादी २०१५ त विंडोज १० बरोबर आली. मध्यंतरीं लोकांनीं बाहेरून ठिगळें लावून वेळ निभावली. गाऱ्हाणें दोन्हीकडे एकच. परंतु एकीकडे मालकाचें मन पालटेपर्यंत वाट पाहणें भाग होतें, आणि दुसरीकडे जुनें शेत कसावयास लोक स्वतःच उतरले. मिरासदार व उपरी यांतील अंतर याहून स्पष्ट कोठें दिसावें?

यावर दोन आक्षेप येतील. घरें वाढलीं म्हणजे राबणारे हात वांटले जातात, हा पहिला. तो खरा आहे. स्वातंत्र्याची ती किंमत आहे. सोर्स कोड वाचूं शकणारे हजारांत किती, हा दुसरा. पण ग्रंथालयांतील सर्व ग्रंथ आपण वाचीत नाहीं, म्हणून त्याचें दार बंद असलें तरी चालेल, असें कोणी म्हणेल काय? माते प्रत्येकानें लिहिला नाहीं. थोड्यांनीं लिहिला व असंख्यांस लाभला. हक्क सर्वांचा होता म्हणूनच त्या थोड्यांस हात घालतां आला.

आमच्या भाषेपुरता या गोष्टीचा अर्थ अधिक गंभीर आहे. ग्नोम व केडीई यांचीं मराठी भाषांतरें झालीं आहेत, आणि तीं करण्यास मराठीची बाजारपेठ किती मोठी आहे, हा हिशेब कोणा मालकास पटवावा लागला नाहीं. परंतु आवृत्त्या पुढें जातात, नवे शब्द येतात, आणि भाषांतर करणारे हात थांबले कीं मराठी पडद्यावर पुन्हा इंग्रजी उगवूं लागते. मिरास मिळाली म्हणून शेत आपोआप पिकत नाहीं. मिरासदारासही सारा द्यावा लागे; येथील सारा श्रमाचा आहे. तो आम्ही भरणार कीं नाहीं, याचें उत्तर कोणत्याही परवान्यांत लिहिलेलें नाहीं.