मॉडेल विमानाच्या इंजिनात पेट्रोल का चालत नाही?

छोटं मॉडेल विमान उडवणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : एवढं महाग इंधन कशाला, सरळ पेट्रोल घाल की!

तर या विमानांत अनेकदा 'ग्लो इंजिन' असतं. बाईकमध्ये स्पार्क प्लग ठिणगी टाकतो, इथे ठिणगीच नसते. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनम असलेल्या तारेचं बारीक वेटोळं असतं. सुरुवातीला बॅटरी लावून ते लाल करायचं, इंजिन चालू झालं की बॅटरी काढून घ्यायची. तरी तार तापलेलीच राहते. कारण इंधनातलं मिथेनॉल प्लॅटिनमला लागलं की तिथे उष्णता तयार होते. म्हणजे मिथेनॉल नुसतं जळत नाही, पेटवण्याच्या कामातही त्याचा हात असतो. पेट्रोल आणि प्लॅटिनमचं असं जमत नाही. शिवाय १ ग्रॅम मिथेनॉल जाळायला साधारण ६.५ ग्रॅम हवा लागते, तर पेट्रोलला १४.७ ग्रॅम. मिथेनॉलसाठी लावलेल्या कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गेलं, तर ते हवेच्या मानाने दुपटीहून जास्त होतं.

इंधनात साधारण पाचवा हिस्सा तेल असतं, बऱ्याचदा आपलं एरंडेल. या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं. सोबत थोडं नायट्रोमिथेन. त्याने ताकद वाढते, स्लो रनिंग सुधारतं. पण त्यापासून स्फोटकं बनू शकतात, म्हणून युरोपियन युनियनमध्ये १६ टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेन असलेलं इंधन सामान्य ग्राहकाला सर्रास विकता येत नाही. नायट्रोशिवायही इंजिन चालतं बरं का.

मग पर्याय कोणते? इथेनॉल जवळचा नातेवाईक, पण प्लॅटिनमवर तो मिथेनॉलइतका जोर दाखवत नाही.

खरा वेगळा रस्ता म्हणजे 'मॉडेल डिझेल'. नावाला फसू नका, पंपावरचं डिझेल यात नसतं. ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण सारख्या प्रमाणात. प्लग नाही, बॅटरी नाही. डोक्यावरचा स्क्रू फिरवून दाब वाढवायचा, त्या दाबाने ईथर पेट घेतं. काही ग्लो इंजिनांना असं डिझेलचं हेड बसवता येतं. मात्र ईथरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत लांबच्या ज्योतीपर्यंत पोचते. जुन्या ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. त्यामुळे हे मिश्रण घरी करायच्या भानगडीत पडू नका.

पेट्रोलच हवं असेल तर स्पार्क प्लगचं इंजिन घ्या. तीही मिळतात, फक्त पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळावं लागतं. सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते, ती बदलायची. आपल्याकडच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये ओलावा शिरतो, म्हणून उड्डाण संपलं की टाकी रिकामी करायची.

आणि मिथेनॉलच वापरणार असाल, तर ते पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर जीव घेतले, ते विष हेच. दिवसा उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. इंजिनाजवळ धग जाणवली, तर आग दिसत नसली तरी लागलेली असू शकते.