नेत्र, मज्जा आणि लस



लस टोचल्याने मुलाचे डोळे जातील, पाय लुळे पडतील, अशी धास्ती आपल्या मोहल्ल्यांतून अधूनमधून कानी येते. तिला हसण्यावारी नेऊ नका. इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहा.

देवी व गोवर यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारे हकीम अबू बक्र अल्-राझी इ. स. ९२५ च्या सुमारास निवर्तले. या रोगांत रोग्याचे डोळे आधी जपा, त्यांत गुलाबपाणी घाला, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. लस निघण्याच्या सुमारे नऊ शतके आधीही हे रोग डोळ्यांवर उठत होते.

१९७१ साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. डोळे निवळले, पण काही रुग्णांचे पाय पुढे लुळे पडले. जे. जे. रुग्णालयाचे डॉ. नोशीर वाडिया व त्यांचे सहकारी यांनी हा संबंध जगापुढे मांडला. हे कृत्य विषाणूचे होते. तेथे लसीचा प्रश्नच नव्हता.

मग लस सदैव निर्दोष होती काय? नाही. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने देत, ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. तिने अनेकांना खात्रीच्या मृत्यूपासून वाचविले, परंतु काहींना पक्षाघातही झाला. वैद्यकाने हा दोष नोंदला, अधिक निर्धोक लस शोधली आणि २००४ च्या अखेरीस भारतात जुन्या लसीचे उत्पादन थांबले.

आता आपल्या नाशिक जिल्ह्याकडे वळू. २०२२ च्या अखेरीस मालेगावात गोवराची साथ पसरली. गोवर म्हणजे नुसते पुरळ नव्हे. ‘अ’ जीवनसत्त्व कमी असलेल्या बालकाच्या डोळ्यात फूल पडून अंधत्व येऊ शकते. हजारांत सुमारे एका रोग्याच्या मेंदूला सूज येते. क्वचित एखाद्याचा मेंदू बऱ्याच वर्षांनी हळूहळू निकामी होतो. याउलट गोवर-रुबेला लसीने काहींना थोडा ताप वा पुरळ येते. गंभीर त्रास अत्यंत विरळा.

पालकहो, प्रश्न विचारणे हाच इल्मचा मार्ग होय. डॉक्टरांना निःसंकोच विचारा. मात्र ऐकीव गोष्टींवर विसंबून नवव्या महिन्याचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधला डोस चुकवू नका. राझींपाशी गुलाबपाणी होते. आपल्यापाशी लस आहे.