नागलोक : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढणाऱ्या घरात जो वाढला, त्याला नागांची ओळख करून द्यावी लागत नाही. या विषयातली पहिली अडचण तिथेच सुरू होते. नाग म्हटले की डोळ्यांसमोर फणा येतो, गारुडी येतो, फार तर शंकराच्या गळ्यातला अलंकार येतो. या अभ्यासाचा विषय मात्र साप नाही. तो एक समाज आहे. त्याला राजे आहेत, भोगवतीसारखी राजधानी आहे, सोयरिकी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी वैरे आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाला दोन देह आहेत.

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सर्पसत्राची कथा येते. सत्रात जळालेल्या नागांची नावे तिथे कुळवार दिली आहेत: वासुकीच्या कुळातले, तक्षकाच्या, ऐरावताच्या, कौरव्याच्या, धृतराष्ट्राच्या. घाईचा वाचक ही यादी ओलांडून पुढे जातो. नव्या अभ्यासकाने तिथे थोडे थांबावे. जनावरांच्या मरणाची अशी घराणेवार नोंद कोणी ठेवत नाही. ज्यांचे सुतक कोणाला तरी धरावे लागणार, त्यांचीच अशी यादी होते.

मग हे लोक होते तरी कोण? गेली दीडशे वर्षे बहुतेक अभ्यासक याच प्रश्नापासून सुरुवात करत आले. जेम्स फर्ग्युसन यांनी 1868 मध्ये वृक्षपूजा आणि सर्पपूजेवर मोठा ग्रंथ लिहिला आणि नागांमागे आर्येतर वंश पाहिला. ‘युगान्त’मध्ये इरावतीबाई कर्वे यांनी खांडववनाच्या आगीकडे रानात राहणाऱ्यांच्या कत्तलीच्या अंगाने पाहिले, ‘मयसभा’ हे प्रकरण वाचल्यावर कृष्णार्जुनांचा तो पराक्रम पूर्वीसारखा वाचता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑक्टोबर 1956 मध्ये दीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना बौद्ध धम्म पसरवणाऱ्या नाग लोकांची परंपरा पुढे ठेवली. तिथे नाग हे कथेतले पात्र उरत नाही, पूर्वज होतो. इतिहासातही नाग नावाची राजघराणी होतीच. समुद्रगुप्ताच्या प्रयाग स्तंभलेखात गणपतिनाग आणि नागसेन ही नावे आहेत. विदर्भात वाकाटकांचा कारभार पाहणारी प्रभावतीगुप्ता आपली आई कुबेरनागा नागकुळातली असल्याचे ताम्रपटात अभिमानाने नोंदवते.

हे सगळे खरे धरले, तरी एक गोष्ट शिल्लक राहते. नाग हे टोळीचे किंवा घराण्याचे नाव होते एवढे म्हटल्याने, कथेतला नाग रूप का बदलतो याचा उलगडा होत नाही. माझ्या मते खरा विषय तिथून सुरू होतो. त्यातही नाग माणूस कसा होतो यापेक्षा त्याचे माणूसपण कुठे सुटते, याकडे लक्ष द्यावे. प्रत्येक परंपरेने ती जागा काळजीपूर्वक ठरवली आहे, आणि त्या ठरवण्यात नागांपेक्षा सांगणाऱ्यांविषयी अधिक कळते.

पाली विनयपिटकातल्या महावग्गात याचा सर्वांत नेमका दाखला आहे. एका नागाला आपल्या जन्माचा वीट येतो. लवकर मनुष्यजन्म मिळावा म्हणून तो तरुणाचे रूप घेतो आणि संघात प्रव्रज्या घेतो. विहाराच्या टोकाच्या खोलीत तो दुसऱ्या एका भिक्खूसोबत राहतो. एका पहाटे तो भिक्खू उठून बाहेर येरझारा घालू लागतो. आता आपण एकटेच आहोत असे वाटून नाग निर्धास्त झोपतो, आणि झोपेत सगळी खोली सापाच्या देहाने भरून जाते. वेटोळी खिडक्यांतून बाहेर येतात. सोबती दार उघडतो आणि किंचाळतो. इतर भिक्खू धावत येतात तोवर नाग जागा होऊन माणसाच्या रूपात आपल्या आसनावर बसलेला असतो. बुद्ध त्याला समजावतात की या जन्मात या धम्मविनयात तुझी वाढ होणार नाही. तू जा, अष्टमी, चतुर्दशी आणि पौर्णिमेला उपोसथ पाळ. नाग रडत निघून जातो. त्यानंतर नियम सांगितला जातो: नागाचे मूळ रूप दोन प्रसंगी उघडे पडते, आपल्या जातीच्या मादीशी संग करताना आणि निर्धास्त झोपेत. आजही थेरवादी उपसंपदेच्या विधीत उमेदवाराला ‘तू मनुष्य आहेस ना?’ असे विचारतात. थायलंडमध्ये तर दीक्षा घ्यायला निघालेल्या तरुणाला दीक्षेपूर्वी नागच म्हणतात. ज्याला संघाने दारातून परत पाठवले, त्याचे नाव त्याच दारात असे टिकून राहिले.

या नागाजवळ सामर्थ्य कमी नाही. जातककथांतल्या नागराजांकडे रत्नजडित प्रासाद आहेत, नागकन्यांचे ताफे आहेत. तरी चंपेय्य जातकातला नागराज वैभव सोडून वारुळावर उपोसथाला पडून राहतो, गारुड्याच्या हाती सापडतो, आणि दंश करण्याची ताकद असून करत नाही. महाभारताचा नाग मात्र असा सोशिक नाही. उत्तंकाची कुंडले पळवणारा तक्षक नग्न क्षपणकाच्या वेशात येतो आणि पकडला जाताच आपले रूप घेऊन बिळात शिरतो. सर्पसत्राच्या शापाचे मूळही रूप बदलण्यातच आहे. उच्चैःश्रवा घोड्याची शेपटी काळी दिसावी म्हणून कद्रू आपल्या मुलांना तिचे केस व्हायला सांगते. काही मुले ऐकत नाहीत, म्हणून आईच त्यांना आगीत जळण्याचा शाप देते. फसवायला रूप बदला असे आई सांगते आणि नकार देणारे शापित होतात, हे ‘कपटी नाग’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

शिल्पकारांपुढची अडचण वेगळीच होती. कथेत आधी साप आणि मग माणूस असे म्हणता येते. दगडात दोन्ही एकदमच दाखवावे लागते. भारहुतच्या शिल्पात, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, एरापत नागराज एकाच चौकटीत पुन्हा पुन्हा कोरला आहे: पाण्यातून वर येणारा फणाधारी साप, मग डोक्यावर फणा असलेला माणूस, मग झाडापुढे गुडघे टेकलेला भक्त. पुढे हे उत्तर अधिक आटोपशीर झाले. अजिंठ्याच्या 19 क्रमांकाच्या लेण्याबाहेर नागराज राणीसह ऐटीत बसला आहे. देह पूर्ण माणसाचा, मस्तकामागे त्याला सात फणे आणि तिला एक. लेणे क्रमांक 16 च्या पायऱ्यांपाशीही नागराज आहे, आणि वाकाटकांचा मंत्री वराहदेव याच्या तिथल्या शिलालेखात नागराजाच्या निवासाचा उल्लेख येतो. विहार बांधायचा तर जागेच्या मूळ मालकालाही घर द्यायचे, असा तो व्यवहार दिसतो.

काश्मीरच्या ग्रंथांत हाच व्यवहार आणखी ठळक आहे. नीलमतपुराणाप्रमाणे माणसे त्या खोऱ्यात फक्त सहा महिने राहत. नीलनागाने सांगितलेले विधी पाळू लागल्यावर ती बारमाही राहू लागली. बाराव्या शतकातल्या कल्हणाच्या राजतरंगिणीत सुश्रवा नागाची कथा आहे. शेताचा राखणदार नवे धान्य खात नाही तोवर नागालाही ते खाता येत नाही. राखणदाराचे व्रत, म्हणून नागाच्या मुली उपाशी. विशाख नावाचा ब्राह्मण राखणदाराच्या भांड्यात नवे दाणे नकळत टाकतो, आणि सुटलेला नाग गारांच्या पावसासह पीक उचलून नेतो. बदल्यात विशाखाला नागाची मुलगी चंद्रलेखा मिळते. पुढे राजा तिच्यावर डोळा ठेवतो आणि नगराची राख होते. गारपीट का होते, आणि शेजाऱ्याच्या ताटावर आपले जेवण कसे अवलंबून असते, हे दोन्ही एकाच कथेत आले आहे.

आणि आपली नागपंचमीची कहाणी. ती बायकांची म्हणून विद्वानांनी बरीच वर्षे बाजूला ठेवली, ते चुकले. माहेर नसलेल्या धाकट्या सुनेला न्यायला शेष ब्राह्मणाच्या रूपात मामा होऊन येतो आणि फणीवर बसवून तिला वारुळात नेतो. नागीण बाळंत होताना दिवा धरण्याचे काम सुनेकडे येते. वळवळणारी पिले पाहून ती घाबरते, दिवा पडतो आणि पिलांच्या शेपट्या भाजतात. मामाला हवे तेव्हा माणूस होता येते, नुकत्याच जन्मलेल्या पिलांना येत नाही. मानलेले नाते दिव्याच्या उजेडात उघडे पडते ते इथे. मोठी होऊन सूड घ्यायला आलेली तीच पिले, लांडोबा आणि पुंडोबा, तिला आपल्याच नावाने पूजा करून भावांचे भले मागताना पाहतात आणि नवरत्नांचा हार ठेवून परततात. सर्पसत्र थांबवायला आस्तीकासारखा मुनी लागला, इथे एका सुनेने ते काम केले.

हिंदी चित्रपटांनी, 1976 ची ‘नागिन’ आणि 1986 ची ‘नगीना’ यांनी, यातली एकटी इच्छाधारी नागीण आणि तिचा सूड तेवढा उचलला. कुळ, तळे, सोयरीक सगळे गळून पडले. त्यावर नाक मुरडायचे कारण नाही, पण तेवढ्यावरून नागलोकाचा अंदाज बांधू नये.

नव्याने येणाऱ्याने वाचन कुठून सुरू करावे? फोगेल यांचा 1926 चा नागांवरचा इंग्रजी ग्रंथ अजूनही उपयोगी आहे, पण तो आधी घेऊ नका. त्यातली भरपूर उदाहरणे आपल्याला स्वतः पाहू देत नाहीत. आधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून कहाणी ऐकावी आणि तिच्यात काय वेगळे आहे ते टिपून ठेवावे. मग सुखठणकरांनी संपादित केलेले, पुण्याच्या भांडारकर संस्थेचे आदिपर्व घ्यावे. आस्तीकपर्व वाचताना तळटीपांतले पाठभेदही पाहावेत. त्यानंतर अजिंठ्याला जावे, आणि 19 क्रमांकाच्या लेण्यात शिरण्यापूर्वी डावीकडे वळावे.