रेशमाचा किडा, यीस्ट आणि आपला तेल्या

2018 साली जालन्यात रेशीम कोष बाजार सुरू झाला आणि कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जायची आपल्या शेतकऱ्यांची दगदग कमी झाली. आपण किड्याची किंमत धाग्यात मोजतो. शास्त्रज्ञांनी मात्र त्याचं रक्त तपासलं.

किड्याला आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात. मग तो जिवाणूंशी लढतो कसा? स्वीडनमध्ये हान्स बोमन आणि सहकाऱ्यांनी सेक्रोपिया या अमेरिकन रेशीम पतंगाच्या कोषातल्या किड्याला जिवाणू टोचले. त्याच्या रक्तात जिवाणू मारणारं छोटंसं प्रथिन तयार झालं. 1981 मध्ये ते जगासमोर आलं, नाव सेक्रोपिन. ते जिवाणूच्या आवरणालाच भोकं पाडतं. आपल्या तुतीवरच्या किड्यातही याच घराण्यातली प्रथिनं आहेत.

याचा आपल्याशी संबंध काय? डाळिंबावरचा तेल्या, लिंबावरचा खैऱ्या हे जिवाणूंचेच रोग. त्यावर वर्षानुवर्षं फवारतात स्ट्रेप्टोसायक्लिन, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. स्ट्रेप्टोमायसिन टीबीच्या पेशंटलाही देतात. बेसुमार वापराने जिवाणू निर्ढावतात, म्हणून डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने ही औषधं शेतीतून बंद करण्याचा मसुदा काढला. बरोबरच आहे. पण शेतकऱ्याने मग फवारायचं काय?

1990 च्या दशकात सेक्रोपिनचा जीन थेट तंबाखू, बटाट्यात घालून पाहिला. झाडातल्या रसांनीच प्रथिन तोडून टाकलं. किड्यांपासून काढायचं तर हाती थेंबभर येतं. जिवाणूकडून बनवून घ्यावं, तर तोच मरतो! यीस्टला मात्र त्याचा फारसा त्रास होत नाही. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या भाऊबंदांत किड्याचा जीन घालायचा, टाकीत वाढवायचं आणि प्रथिन गाळून घ्यायचं. ही रीत आपल्याकडे नवी नाही. 1997 मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने कावीळ-बीची लस यीस्टमधूनच बाजारात आणली.

लस लाखमोलाची, फवारणी मात्र एकरी परवडली पाहिजे. उन्हापावसात टिकली पाहिजे. आणि जालन्याला आणखी एक धडा माहीत आहे. इथल्याच महिकोचं बीटी कापूस बियाणं 2002 मध्ये आलं, आणि पुढे गुलाबी बोंडअळी त्याच प्रथिनाला पचवून बसली. एकाच औषधावर भिस्त ठेवली की हेच होणार.

म्हणून पुढच्या वेळी खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलात तर दोनच प्रश्न विचारा: तेल्यावर अँटिबायोटिकशिवाय काय? आणि ते कितीला पडेल?