उपद्रवी तणांचे नकाशांकन

शेतजमिनीत, पडीक तुकड्यात वा बांधावर वाढणाऱ्या उपद्रवी तणांची जात, जागा, विस्तार व दाटी यांची स्थाननिर्देशांकांसह नोंद घेऊन ती नकाशावर दर्शविण्याच्या पद्धतीस तणांचे नकाशांकन म्हणतात. जागेच्या नोंदीसाठी उपग्रहांवर आधारलेली जागतिक स्थाननिश्चिती प्रणाली (जीपीएस) आणि नोंदींची साठवण, पृथक्करण व आरेखन यांसाठी संगणकीय भौगोलिक माहिती प्रणाली वापरतात. पिकात नको असलेली कोणतीही वनस्पती तण ठरते; परंतु जे तण शेजारच्या जमिनीसही अपाय करते आणि ज्याचा बंदोबस्त एकट्या शेतकऱ्याच्या हाती राहत नाही, त्यास उपद्रवी तण म्हणतात. खाजगी जमिनीवर या नकाशांकनास एक विशेष अडचण असते. जमीन मालकीहक्काने विभागलेली असते, तण मात्र पाणी, वारा, माती व अवजारे यांच्या मार्गाने पसरते. महाराष्ट्रातील जमिनीच्या दप्तराचा इतिहास पाहता त्यात माती, पीक व मालक यांची नोंद काटेकोरपणे झाली, पण तणाची जागा बहुधा कोरीच राहिली.

सोनईचा परिसर : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील सोनई हे गाव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. शनिशिंगणापूरजवळचे हे गाव दख्खनच्या काळ्या जमिनीच्या प्रदेशात मोडते. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे मुळा नदीवर धरण झाल्यावर, १९७० च्या दशकापासून, त्याच्या उजव्या कालव्याच्या पाण्याने या भागातील शेतीचे रूप पालटले. ज्वारी-बाजरीच्या जिराईत शेतीच्या जोडीस ऊस आला. मुळा सहकारी साखर कारखाना सोनई येथेच आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे राहुरी हे मुख्य ठिकाणही जवळच आहे.

पाण्याबरोबर तणांची घडणही बदलली. जिराईत काळ्या जमिनीत हरळी व कुंदा ही खोल मुळांची बहुवर्षायू गवते आणि ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला ही शेतकऱ्याची जुनी डोकेदुखी होती. बागायतीत लव्हाळा व उसावर चढणारी हरणखुरीसारखी वेलवर्गीय तणे यांचे महत्त्व वाढले, तर चाऱ्या, रस्ते व बांध यांच्या कडा गाजर गवताने व्यापल्या. चारीचे पाणी एका गटातून दुसऱ्या गटात जाताना बियाही नेते. ट्रॅक्टरची अवजारे, चारा व पुरते न कुजलेले शेणखत ही बीजप्रसाराची इतर साधने होत.

भूमापन व तण : मुंबई इलाख्यातील शेतांचे पद्धतशीर मोजमाप एकोणिसाव्या शतकात झाले. आर. के. प्रिंगल यांची पुणे भागातील १८२८ च्या सुमाराची आकारणी अपयशी ठरल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून नव्या पद्धतीचा आरंभ केला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम निश्चित झाले. मोजणीची साखळी ३३ फुटांची असून तिचे १६ आणे कल्पिलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद चौरस म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. हेच परिमाण आजही शेतकऱ्याच्या बोलण्यात आहे.

प्रतवारी करणारा कारकून शेताचे भाग पाडी, जागोजाग खणून मातीची खोली पाही आणि प्रत्येक भागात दोषांची चिन्हे मांडी. मातीचा रंग, पोत व खोली यांवरून प्रत ठरे आणि प्रत्येक दोषागणिक जमीन एक प्रत खाली येई. हे दोष सात मानलेले होते : चुनखडीचे बारीक खडे, वाळूची भेसळ, उतार, कणांत चिकटपणा नसणे, पाणी मुरू न देणारे मिश्रण, वाहत्या पाण्याने धुपण्याचा संभव आणि झऱ्यांमुळे राहणारी अतिरिक्त ओल. एकाच शेतातील फरक जागेनुसार टिपणारा हा आराखडा आजच्या मृदा-नकाशाचा पूर्वजच होय.

या सात दोषांत तण नाही. आकारणी तीस वर्षांसाठी होत असल्याने जमिनीचे कायमचे गुणदोष तेवढे विचारात घेणे सोयीचे होते. तण हा कसणाऱ्याच्या मेहनतीने जाणारा, म्हणून तात्पुरता दोष. पण हरळी-कुंद्याच्या बाबतीत हे गृहीतक शेतकऱ्यास महाग पडणारे होते. काळ्या मातीत खोल गेलेली हरळी काढण्यास अनेक बैलजोड्यांचा जड नांगर किंवा कुदळीने हातखणणी लागे आणि हा खर्च लहान शेतकऱ्यास झेपत नसे. अशी जमीन वर्षानुवर्षे तणाखाली राहिली, तरी दप्तरात तिची प्रत उत्तमच असे व साराही त्याच प्रतीचा लागे.

पुढे १८७९ चा मुंबई जमीन महसूल अधिनियम व १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता यांखाली दप्तर अधिक तपशीलवार झाले. सातबारा उताऱ्यातील नमुना सातमध्ये धारणाधिकार व नमुना बारामध्ये पिके नोंदविली जातात. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबरांच्या जागी गट आले. पडीक क्षेत्र नोंदविण्याची सोय होती. मात्र ते कोणत्या तणामुळे पडीक राहिले, हे लिहिण्यासाठी रकाना नव्हता.

उपद्रवाचा अनुभव व कायदा : तणाचा प्रश्न एका शेतापुरता नसतो, हे प्रथम फड्या निवडुंगाने दाखवून दिले. कुंपणासाठी लावलेला हा निवडुंग दख्खनमध्ये व दक्षिण भारतात फोफावला. १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या डॅक्टिलोपियस ओपन्शिए या किड्याने दक्षिण भारतात त्यास आवर घातला. मध्य भारतात कांस गवताने व्यापलेल्या विस्तीर्ण जमिनी नांगरण्यासाठी स्वातंत्र्यानंतर केंद्रीय ट्रॅक्टर संघटना कामास लागली आणि १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज दिले.

गाजर गवताची (पार्थेनियम हिस्टेरोफोरस) कथा वेगळी आहे. १९५५ मध्ये पुणे येथे ते आढळले व आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेतील गव्हाबरोबर ते आले, हा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु त्या योजनेखालील भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला, म्हणजे पुण्यातील आढळानंतर. अमेरिकन गहू १९५१ मधील कर्जाखालीही आला होता. आणि डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत डीट्रिख ब्रँडिस यांनी १८८० मध्ये गोळा केलेला या वनस्पतीचा नमुना आहे. आरंभीच्या वर्षांत ते कोठे, किती व कोणत्या वाटेने पसरले, यांचे नकाशे तयार झाले असते, तर हा वाद तर्कावर राहिला नसता. एका झाडापासून हजारो हलक्या बिया तयार होतात. त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे अनेकांस त्वचेचा चिवट दाह होतो.

अशा तणांविरुद्ध मद्रास प्रांतात १९१९ मध्ये व मुंबई प्रांतात १९४७ मध्ये शेतीवरील कीड व रोग यांसंबंधीचे कायदे झाले. या प्रकारच्या कायद्यांनी विशिष्ट क्षेत्रासाठी तण उपद्रवी घोषित करण्याचा आणि जमीनधारकास त्याच्या निर्मूलनाचा आदेश देण्याचा अधिकार शासनास मिळतो. कर्नाटकात गाजर गवत १९७५ मध्ये उपद्रवी घोषित झाले. आदेशाची अंमलबजावणी मात्र जागेच्या पुराव्यावर अवलंबून असते. तण कोणाच्या हद्दीत आहे व ते केव्हापासून आहे, हे दाखविणारी नोंद नसेल, तर बांधाच्या दोन्ही बाजूंचे धारक एकमेकांकडे बोट दाखवितात. एकाने खुरपणी केली आणि दुसऱ्याने फुलोरा येऊ दिला, तर पहिल्याचा खर्च पुढील पावसात वाया जातो.

स्थाननिश्चितीचे तंत्र : अमेरिकेच्या स्थाननिश्चिती प्रणालीचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला व १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. त्यापूर्वी सुमारे १०० मीटरपर्यंत असणारी चूक त्यानंतर बरीच कमी झाली आणि शेताच्या पातळीवरील नोंद शक्य झाली. भारताच्या नाविक प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला. नकाशा काढण्यासाठी २००२ मध्ये आरंभ झालेली क्यूजीआयएस ही आज्ञावली विनामूल्य मिळते.

उत्तर अमेरिकेत, जेथे अनेक ठिकाणी उपद्रवी तण काढण्याची जबाबदारी कायद्याने जमीनमालकावर असते, तेथे २००२ मध्ये तणांच्या नोंदीचे समान निकष तयार करण्यात आले. त्यांतील महत्त्वाचा भेद म्हणजे तणाने प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र आणि ज्या सीमेच्या आत ते विखुरलेले आहे ते बाह्य क्षेत्र. उदाहरणार्थ, एका गटातील २० गुंठ्यांत गाजर गवत विखुरलेले असून त्याचे आच्छादन १० टक्के असेल, तर प्रत्यक्ष व्याप्त क्षेत्र २ गुंठे भरते. मजुरीचा अंदाज पहिल्या आकड्यावर केल्यास तो फुगतो. केवळ दुसऱ्यावर केल्यास शोधत फिरण्याचे श्रम हिशेबात येत नाहीत. म्हणून दोन्ही आकडे नोंदवितात.

प्रत्यक्ष कामात एकटे झुडूप बिंदूने, बांध वा चारीवरील पट्टा रेषेने आणि शेतातील ठिगळ बंद आकृतीने दाखवितात. त्याबरोबर तणाचे नाव, दिनांक, दाटी व वाढीची अवस्था लिहितात. अवस्थेची नोंद विशेष मोलाची असते, कारण गाजर गवत फुलोऱ्यापूर्वी उपटणे आवश्यक असते. पाहणी करूनही तण आढळले नाही, तर तशी नोंदही ठेवावी लागते. अन्यथा न पाहिलेली जागा व तणमुक्त जागा नकाशावर सारख्याच दिसतात. दरवर्षी त्याच हंगामात पाहणी केल्यास ठिगळाची कड कोणत्या बाजूस सरकते आहे ते कळते. १९८४ मध्ये बंगलोर येथे सोडण्यात आलेल्या झायगोग्रामा बायकोलोराटा या मेक्सिकन भुंगेऱ्याचा उपयोग करताना, तो कोठे टिकला आहे हेही नकाशावर दाखविता येते, म्हणजे त्या जागी तणनाशक फवारणे टाळता येते.

अचूकता व मर्यादा : भ्रमणध्वनीतील स्थाननिश्चितीत मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरची चूक राहते. बांध मात्र बहुधा एक मीटरही रुंद नसतो. म्हणजे बांधावरील तण कोणत्या धारकाचे, हे अशा नोंदीवरून सांगता येत नाही. जुने गटनकाशे संगणकावर बसविताना त्यांतही काही मीटरचा फरक पडतो. स्थिर संदर्भकेंद्रांच्या साहाय्याने काम करणाऱ्या, मोजणी खात्यात वापरल्या जाणाऱ्या यंत्रांनी काही सेंटिमीटरपर्यंत अचूकता मिळते. परंतु प्रत्येक ठिगळासाठी ती यंत्रे वापरणे खर्चाचे ठरते. उपग्रह वा ड्रोन यांच्या छायाचित्रांत पडीक जमिनीवरील दाट तण ओळखता येते, पण वाढलेल्या उसाच्या छताखालील लव्हाळा दिसत नाही. तेथे सरीतून चालत जाण्यास पर्याय नाही.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. तणाचा नकाशा हा मालकाच्या दुर्लक्षाचा दाखला म्हणून वापरला जाऊ शकतो. शहरात राहणाऱ्या मालकाची पड, वाट्याने कसलेले शेत किंवा वाटणीच्या वादात अडकलेला तुकडा यांवर तण माजते, तेव्हा त्यामागील कारण नकाशात दिसत नाही. नोंद शिक्षेसाठी आहे असे वाटल्यास धारक पाहणीस शेतात येऊ देत नाहीत आणि नकाशा अपुरा राहतो. यासाठी धारकाची संमती घेणे, तपशीलवार नोंद त्याच्यापाशी ठेवणे आणि गावासाठी चारी वा शिवारनिहाय एकत्रित नकाशा काढणे हा मार्ग इष्ट ठरतो. निर्मूलनाचे कामही चारीच्या वरच्या टोकापासून खाली नेल्यास खालच्या गटांत नव्याने येणाऱ्या बिया घटतात. मालकांच्या सोयीने सुटे गट निवडल्यास तो लाभ मिळत नाही.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र स्थाननिर्देशांकांसह नोंदवू लागला. पीक, पड व बांधावरील झाडे यांची नोंद त्यात होते. जमिनीच्या दप्तरात भर घालण्याचे काम धारकाच्या हाती येण्याचा हा महत्त्वाचा टप्पा होय. १८४७ च्या सात दोषांप्रमाणे या नोंदीतही तणास स्वतंत्र स्थान नाही. तथापि ते देण्यास लागणारे साधन आता शेतकऱ्याच्या खिशात आहे. तणाची नोंद मालकीची सीमा न ओलांडता घेता येते. तिचा उपयोग मात्र शेजारच्या गटाची नोंद तिला जोडल्यावरच होतो.