दोन रिंगा आणि एक ‘यो’

एसटी पुण्यात पोचली की स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवरून घरी फोन लावायचा, दोन रिंगा वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. बूथवाला आठ्या घालून मीटरकडे बघायचा, मीटर शून्यावरच. तिकडे साताऱ्याला आई फोनशेजारी. दोन रिंगा म्हणजे पोचलो. तिसरी वाजली तर उचलायचं, म्हणजे काहीतरी बिनसलंय. पुढे मोबाइल आले आणि या युक्तीला ‘मिस कॉल’ असं नाव मिळालं.

2014 च्या जूनमध्ये ‘यो’ नावाच्या ॲपची बातमी वाचली, तेव्हा आधी त्या दोन रिंगाच आठवल्या. यादीतल्या नावावर बोट ठेवलं की त्या माणसाच्या फोनवर ‘यो’ उमटायचं आणि तसा आवाजही यायचा. बस्स. मजकूर नाही, फोटो नाही.

जन्मकथाही तशीच किरकोळ. इस्रायलमधल्या मोब्ली या कंपनीचे प्रमुख मोशे होगेग यांना आपल्या मदतनीसाला एका बटणात बोलवायचं होतं. आपल्याकडच्या साहेबांच्या टेबलावरची घंटी, फोनमध्ये. ओर अर्बेल या प्रोग्रॅमरने आठेक तासांत ते करून दिलं. ॲपलने आधी ते परत पाठवलं, कारण तपासणाऱ्यांना ते अर्धवट वाटलं. शेवटी ते लोकांपुढे आलं 1 एप्रिलला, त्यामुळे बऱ्याच जणांना ही थट्टाच वाटली.

जूनमध्ये 10 लाख डॉलरचं भांडवल मिळाल्याची बातमी फुटली आणि थट्टेचा तमाशा झाला. अमेरिकेत ॲप डाउनलोडच्या यादीत पार वर चढलं, टीव्हीवर स्टीफन कोल्बेरने त्याची यथेच्छ टर उडवली. त्याच आठवड्यात जॉर्जिया टेकच्या विद्यार्थ्यांनी ते हॅक करून वापरणाऱ्यांचे फोन नंबर काढून दाखवले. अर्बेलने त्यांच्यातल्याच एकाला कामावर घेतलं, हे मला सगळ्यात आवडलं. पुढच्या महिन्यात भांडवलाचा आकडा 15 लाखांवर गेला.

सगळे हसत असताना गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन यांनी मिस कॉलचाच दाखला दिला. निरोप आला, एवढाच ज्याचा मजकूर, अशी ही जात आहे, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा खराच होता. आपल्याकडे 2011 मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाला लोकांनी मिस कॉल देऊन पाठिंबा नोंदवला. बंगळुरूच्या झिपडायल कंपनीने त्याचा धंदाच उभा केला, आणि 2015 च्या जानेवारीत ट्विटरने ती विकत घेतली.

पण मिस कॉलमागे दोन गोष्टी असतात: वाचणारे पैसे आणि आधी ठरलेला अर्थ. ‘यो’मध्ये वाचण्यासारखं काही नव्हतं, कारण इंटरनेटवर चार शब्दांनाही तेवढाच खर्च. आणि अर्थ? मित्राचं ‘यो’ आलं, तर त्याचं करायचं काय? उलट ‘यो’ पाठवायचं. दुसऱ्या दिवशी तेही नाही.

जिथे अर्थ ठरलेला होता तिथे मात्र ते चाललं. फुटबॉल विश्वचषकाच्या खात्याला जोडून घेतलं की गोल झाला की ‘यो’. जुलैमध्ये गाझाचं युद्ध पेटलं तेव्हा इस्रायलमधल्या ‘रेड अलर्ट’ ॲपने हाच मार्ग वापरला. रॉकेट सुटलं की फोनवर ‘यो’. तिसऱ्या रिंगेसारखंच ते, उगाच न वाजणारं.

मग ऑगस्टमध्ये ‘यो’सोबत लिंक पाठवायची सोय झाली, पुढे ठिकाणही कळवता येऊ लागलं. इथेच घात झाला, असं मला वाटतं. एका शब्दाच्या ॲपमध्ये दुसरा शब्द घातला की ते बाकीच्या पन्नास ॲपांसारखंच, फक्त अधिक तोकडं. 2016 च्या सुमारास कंपनीने गाशा गुंडाळला. 2018 मध्ये ॲप जिवंत ठेवायला पेट्रिऑनवर चाहत्यांपुढे हात पसरले गेले. दोन रिंगांवर फोन ठेवायचा तो पैसे वाचवायला, आणि इथे रिकाम्या निरोपासाठी वर्गणी.